तेवीस निरोप

९ जून

दादा,

मी मजेत आहे, तूही असशील, असं लिहून सुरुवात करायची पद्धत आहे. मी मजेत नाही आणि तू आहेस याची मला खात्री आहे, तेव्हा तेवढं सोडून पुढे जाते.

तुझा लिफाफा मिळाला. आई जाऊन वर्ष होत आलं, म्हणून काहीतरी लिहिलं असशील असं वाटलं. हात धुऊन, पुसून मग उघडला. आत एक छापील फॉर्म, तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारलेला, आणि पिवळ्या चिठ्ठीवर तुझं अक्षर: ‘फुल्या आहेत तिथे सही कर आणि लवकर पाठव. महोत्सवाची मुदत ३१ जुलै.’ वर्षभरात तू मला लिहिलेला सगळ्यात मोठा मजकूर हा.

फॉर्ममध्ये ‘आवाज देणारी व्यक्ती’ अशी कोणी एक आहे. तीन वेळा वाचल्यावर कळलं, ती मी. गेल्या वर्षीच्या सात महिन्यांच्या दौऱ्यात तू गाता गाता एक चित्रपटही केलास म्हणे. आई आजारी असताना मी तुला फोनवर जे निरोप पाठवत होते, ते तू जपून ठेवलेस आणि त्या चित्रपटात घातलेस. आता माझी सही नसेल तर तो दाखवता येत नाही. म्हणून माझी आठवण झाली.

लोक तुला गाणारा म्हणून ओळखतात. आईची गाणी घेऊन तू जग फिरलास त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिने ती आपल्या दोघांनाही सारखीच शिकवली होती. पण चित्रपट? घरात दिवा बदलताना तुला धड स्टूल धरता येत नव्हतं. सोबतच्या पत्रकात चित्रपट पाहायची लिंक आहे आणि ‘प्रायोगिक’ असा शब्द आहे. प्रयोग कुणावर झाला ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आता तू विसरला असशील म्हणून बाबांचा नियम लिहिते. दौऱ्यावरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. आजोबा गेल्याची तार बाबांना मंचाच्या पायरीवर मिळाली होती. ते तसेच वर जाऊन उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. लोक हसले. त्यानंतर आपल्या घरातून बाहेर एकच निरोप जायचा: सगळं ठीक. माझ्या जन्माच्या वेळी आई दोन दिवस अडली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हाही बाबांना ‘सगळं ठीक’ गेलं.

मी तेच केलं. आई चार महिने अंथरुणाला खिळून होती. दर पाच-सहा दिवसांनी मी तुला फोनवर सांगून ठेवायचे, आई बरी आहे, काळजी करू नकोस. असे तेवीस. तू उलट दोन शब्द पाठवायचास, ‘छान. जपा.’ आणि ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू आलास. दारात व्हायोलिनची पेटी खाली ठेवलीस आणि भरल्या घरात म्हणालास, ‘मला कुणी कळवलंच नाही.’

मी मान खाली घातली. खरंच होतं ते. मावशीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. बहिणीच्या शेवटच्या दिवसांत तिच्या मुलाला हिने अंधारात ठेवलं, असं ती सगळ्यांना सांगते. मी कधी उलटून बोलले नाही. रस्त्यात दिसली तर मीच पलीकडून जाते, तिला तोंड फिरवायचा त्रास नको म्हणून.

तर आता तुझ्या चित्रपटात माझा खोटेपणा सगळ्या जगाला ऐकवणार आहेस. चांगलं आहे. आधी पाहते, मग ठरवते. फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर काही बोललं की तू ते ठेवून घेतोस.

धाकटी

२१ जून

दादा,

पाहिला.

घरी नाही पाहिला. मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. तुला ठाऊक नसेल, तू विचारलं नाहीस. रविवारी दुकान बंद असतं. मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि दुपारी तपासणीच्या खोलीत जाऊन बसले. ही खोली म्हणजे कपाटाहून जरा मोठी. भिंतींना राखाडी फोम, दाराला रबराची कड, बाहेरचा एक आवाज आत येत नाही. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडते, ऐकू आला की बटण दाबायचं. म्हातारी माणसं लबाडी करतात. ऐकू आलेलं नसतानाच दाबतात, म्हणजे मशीन घ्यायला लागू नये. मी आवाज बंद करते तरी दाबतच असतात. मला हसू येतं आणि मग वाईट वाटतं.

तर तिथे बसून तुझी अडुसष्ट मिनिटं पाहिली. पहिली खोली हॉटेलची. पलंग, उशाशी दिवा, खिडकीला तपकिरी पडदा. टेबलावर तुझा फोन आणि फोनमधून मी: ‘दादा, आई बरी आहे. आज दोन घास जास्त जेवली. तुझं छान चाललं असेल.’ माझं बोलणं संपलं की खोली संपली. मग दुसऱ्या गावातली दुसरी खोली, दुसरा पलंग, दुसरा निरोप. माणूस एकही नाही. एका खोलीत मी बोलत असताना किटलीतलं पाणी उकळून बंद होतं. एका ठिकाणी नुसती भिंत आहे आणि तिच्यावरची ओल. काही खोल्यांत माझं बोलणं संपलं की तू कुठूनतरी व्हायोलिनवर तेच वाजवतोस. ‘आई बरी आहे’ एवढे तीन शब्द, माझ्याच चालीत, हुबेहूब, शेवटचा सूर जरासा वर चढवून. मला वाटलं, सजावट आहे.

खरं सांगते, पहिल्या दहा-बारा खोल्या मला आवडल्या. रडलेसुद्धा. मनात आलं, मी इथे बेसिनपाशी उभी राहून, नळ सोडून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात बोलत होते, ते तू एवढ्या लांब, एवढ्या परक्या खोल्यांत एकटा बसून ऐकत होतास. आपला भाऊ अगदीच दगड नाही, असं वाटलं. सही करायची असं तिथेच ठरवून टाकलं होतं. पर्समधून पेन काढलं होतं मी.

मग चौदावी खोली आली.

छताला पंखा आहे तिच्या. मी म्हणते, ‘आई बरी आहे, झोपलीय, म्हणून तिला फोन देत नाही.’ त्या दिवशी ती झोपली नव्हती, तापात होती आणि मला ओळखत नव्हती. दार वाजतं. ढोलकाकांचा आवाज येतो. बाबांच्या वेळेपासून आपल्याकडे ढोल वाजवणारा माणूस, मी तो आवाज कुठेही ओळखीन.

‘काय म्हणते रे धाकटी?’

‘खोटं बोलतेय. खोटं बोलताना तिचा शेवटचा सूर चढतो. लहानपणापासून.’

‘म्हणजे वहिनींचं जास्त आहे?’

‘आहे.’

‘मग निघतोस का?’

‘अजून अकरा कार्यक्रम आहेत.’

आणि मग तू म्हणतोस, ‘काका, तो पंखा जरा बंद करा. त्याचा आवाज येतोय. परत लावतो.’

पंखा थांबेपर्यंत तू थांबलास. घाई केली नाहीस. पाती वेगवेगळी दिसायला लागली, मग थांबली. आणि पुन्हा मी: ‘आई बरी आहे, झोपलीय, म्हणून तिला फोन देत नाही.’

दादा, मी ते दृश्य चार वेळा पाहिलं. ऐकण्यात काही चूक होतेय का, म्हणून. त्या खोलीत चूक होत नाही, तिथे सुई पडली तरी कळते.

तुला ठाऊक होतं. जवळजवळ दोन महिने आधीपासून ठाऊक होतं. आणि तरी घरात येऊन, पेटी खाली ठेवून, चारचौघांत ते वाक्य बोललास, आणि मी ते खरं मानून अकरा महिने तोंड लपवून फिरले. मी खोटं बोलले म्हणून माझा भाऊ आईला मुकला, हा विचार करत किती वेळा दुकानात चुकीची बॅटरी दिली असेल मी लोकांना. जेवण जात नव्हतं मला. आणि तू त्या वेळी माझ्या खोट्याच्या चालीवर व्हायोलिन वाजवत होतास.

आमची म्हातारी माणसं ऐकू न येता बटण दाबतात. तुला सगळं ऐकू आलं आणि तू हात मांडीवर ठेवून बसलास.

सही करत नाही.

धाकटी

४ जुलै

दादा,

तुझी तीन पानं मिळाली. टाईप केलेली. घाईत असशील.

म्हणतोस, ते दृश्य कापून टाकणं सोपं होतं, पण तू मुद्दाम ठेवलंस. ‘ती माझी कबुली आहे. तुला कळावं म्हणूनच ठेवली.’ मला कळावं म्हणून? मग एक कार्ड टाकायचंस. त्याला महोत्सव लागत नाही. कबुली ज्याच्यापुढे द्यायची त्याला आधी देतात, तू ती महोत्सवाची निवड करणाऱ्या परीक्षकांना दिलीस. त्यांनी तुला ‘निर्भय’ म्हटलंय, ते पत्रकावर छापलंयही. आणि माझ्यापर्यंत ती कशी आली, तर सहीची गरज पडली म्हणून. माझ्याऐवजी कुण्या मेलेल्या माणसाचा आवाज असता तर मला कधी कळलंच नसतं.

पुढे तू लिहितोस की तुला भीती वाटत होती. आईला तशा अवस्थेत बघायची. हे वाक्य तेवढं मला पटलं. ते एकच टाईप करताना तुझी दोन अक्षरं चुकली आहेत.

बुधवारी ढोलकाका दुकानात आले होते. डावा कान गेलाय त्यांचा. चाळीस वर्षं ढोल त्याच बाजूला. मी त्यांना आत बसवलं, हेडफोन लावले. त्यांनी एकदाही लबाडी केली नाही, जिथे ऐकू आलं नाही तिथे काचेतून माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. तपासणी संपल्यावरही उठले नाहीत.

‘पाहिलास तू?’ म्हणाले.

‘पाहिला.’

‘मी त्याला तीनदा म्हटलं, जा म्हणून. तुझ्या गळ्याची शपथ, तीनदा.’

‘मग मला का नाही सांगितलंत काका? एक फोन करायचा होतात. तो येत नाहीये, वाट बघू नका, एवढंच.’

‘मी कसा सांगणार पोरी? नियम तुझ्या बाबांचाच. दौऱ्यातलं वाईट घरी कळवायचं नाही. दोन्हीकडून होता तो.’

मला त्यांचा राग आला आणि तसं मी बोललेही. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी आपण सगळे अजून त्यांना विचारून तोंड उघडतो. ते ऐकत राहिले. उजवा कान माझ्याकडे केला होता त्यांनी. मग जी गोष्ट सांगितली, ती मी तुला लिहिणार नव्हते, पण लिहिते. म्हणाले, ‘तुझा निरोप आला की फोनवर ठिपका यायचा. तो लगेच ऐकायचा नाही. आधी खोली आवरायचा, कॅमेरा लावायचा, पडदा सारखा करायचा. एकदा उजेड नीट नव्हता तर दीड दिवस थांबला. मी म्हटलं, अरे बाबा, आधी ऐक तरी, घरी काय झालंय कुणास ठाऊक. तर म्हणतो, पहिल्यांदा ऐकतानाची खोली पाहिजे.’

दीड दिवस. त्या दीड दिवसात ती गेलेली असू शकली असती आणि तू पडद्याच्या चुण्या सारख्या करत बसला होतास.

काकांना मी मशीन बसवून दिलं. जाताना म्हणाले, आता सगळंच फार मोठ्याने येतंय. म्हटलं, होईल सवय.

तर माझी अट. मोठी नाही. मावशीला जाऊन सांग. पत्राने नाही, फोनने नाही, समोर बसून. ‘मला माहीत होतं, मी आलो नाही.’ एवढंच वाक्य. तिच्या घरातून बाहेर पडलास की मला कळेल, आणि तुझा फॉर्म त्याच दिवशी पोस्टात पडेल. मला तुझा चित्रपट अडवून काही मिळवायचं नाही. मला माझ्या मावशीच्या घरात चहा प्यायचाय.

धाकटी

१७ जुलै

दादा,

मावशीला तू चित्रपटाच्या पहिल्या खेळाला बोलावणार आहेस. पहिल्या रांगेत बसवणार आहेस. ‘तिथे तिला सगळं आपोआप कळेल, मला बोलावं लागणार नाही.’ हे तू लिहिलंयस, स्वतःहून, आणि परत वाचून पाकिटात घातलंयस. धन्य आहे तुझी. शंभर माणसांच्या मध्ये, अंधारात, बहात्तर वर्षांच्या बाईला कळणार की तिच्या बहिणीने कुणाची वाट पाहिली. आणि दिवे लागल्यावर टाळ्या.

तुला शिव्या घालायला बसले होते. दोन पानं लिहिलीही. मग फाडली.

परवा आईला वर्ष झालं. मी दुकानातून सुट्टी घेतली होती. तिची खोली झाडली, खिडक्या पुसल्या, तिची कॉट अजून तिथेच आहे. काही करायचं उरलं नाही तेव्हा कॉटवर बसले, आणि वर्षभरात पहिल्यांदा स्वतःशी खरं बोलले. ते तुलाही लिहिते. तू तुझी कबुली जगाला दिलीस, मी माझी एकट्या तुला देते. बघ त्याचं काय करतोस ते.

ती जायच्या नऊ दिवस आधी एका सकाळी आई स्वतःहून उठून बसली. तिचा घसा पार बसला होता, पण शुद्ध अगदी लख्ख. म्हणाली, ‘फोन आण. त्याच्यासाठी बोलायचंय.’ मी फोन तिच्या तोंडाशी धरला. ती बोलली ते असं:

‘अरे, ही तुला सांगते मी बरी आहे. हिचं ऐकू नकोस. मी बरी नाही. तू ये. कार्यक्रम टाकून ये, तुझे बाबा गेले, आता नियम कोण बघायला बसलंय. आणि ते पेरणीचं गाणं. दुसऱ्या कडव्यात किती पळतोस. लोकांना वाटतं, ह्याला गाडी गाठायचीय.’

मग खोकला. मग पाणी प्यायली. मग आणखी एक वाक्य बोलली, ते मी इथे लिहीत नाही.

‘पाठवलंस?’ तिने विचारलं.

‘पाठवलं,’ मी म्हटलं.

पाठवलं नव्हतं. बोट पाठवायच्या खुणेवर ठेवलेलं होतं आणि काढून घेतलं. वर्षभर मी सगळ्यांना आणि स्वतःला सांगत आले, बाबांचा नियम, बाबांचा नियम. नियम वगैरे काही नाही रे. तो तर तिने तिथल्या तिथे मोडला होता. मला तू यायला नको होतास.

तू वर्षातून दोन दिवस घरी यायचास तेव्हा काय व्हायचं, आठवतं? ती चांगले कपडे काढायची. केस विंचरायची. शेजारणीला बोलावून बसवायची, माझा मुलगा आलाय म्हणून. मी तीनशे त्रेसष्ट दिवस तिथेच असायचे, मला बघायला कोण कशाला शेजारणीला बोलावेल. ह्या चार महिन्यांत पहिल्यांदा ती पूर्ण माझी होती. माझ्या हातून जेवायची. रागवायची ती माझ्यावर. अर्ध्या झोपेत हाक मारायची ती मला. मी तिचं सगळं केलं, दादा. माणसाचं जे जे करायचं असतं आणि कुणाला सांगायचं नसतं, ते सगळं. आणि तू आला असतास तर व्हायोलिन घेऊन उशाशी बसला असतास, तिने तुझा हात धरून डोळे मिटले असते, आणि मी औषधाची वाटी घेऊन दारात उभी राहिले असते. पुढे आयुष्यभर लोकांनी तेच सांगितलं असतं: मुलगा गात होता आणि तिने प्राण सोडला. मला ते नको होतं. मी चार महिने झिजले होते, शेवट मला माझा पाहिजे होता.

मिळाला. नऊ दिवस ती दाराकडे तोंड करून निजली. मी कुशीवर वळवलं की पुन्हा तिकडेच वळायची. जिन्यात पावलं वाजली की माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, ‘निघालाय, गाडीत असेल.’

मला झोपू न देणारी गोष्ट वेगळीच आहे. माझा सूर चढतो ते तुला लहानपणापासून कळतं म्हणतोस. तुझे कान कुणी तयार केले? माझे? तिनेच ना. मग मी ‘पाठवलं’ म्हटलं तेव्हा तिला कळलं नसेल?

तिने पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही.

ते बोलणं अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी ते पुन्हा ऐकलेलं नाही, धीर होत नाही. तू तिकडे पंखे बंद करत होतास आणि मी इकडे बोट उचलून बसले होते. आपण दोघांनी मिळून तिला वाट पाहायला लावली. आता मला तुझ्यावर ओरडायचा हक्क किती उरला, माहीत नाही. मावशीकडे जायची अट काढून घेते. तिच्याकडे जायचं मलाच आहे.

तू मात्र मला एक पत्र लिही. हाताने. त्यात महोत्सव नको, मुदत नको. आपण काय केलं, एवढंच लिही. मी किती दिवस वाट बघीन ठाऊक नाही, पण बघीन.

धाकटी

२६ जुलै

दादा,

तुझं उत्तर चार दिवसांत आलं. इतक्या लवकर तू आयुष्यात कुणाला उत्तर दिलेलं नाहीस. पाकीट फोडण्याआधी मी पुन्हा हात धुऊन पुसले, तेही सांगून टाकते.

‘तुझं पत्र वाचून खूप रडलो. तुला माफ करणारा मी कोण. रेकॉर्डिंग किती सेकंदांचं आहे? मागे काही आवाज आहे का, पंखा, नळ वगैरे? असला तरी चालेल.’

आणि मग दीड पान चोविसाव्या खोलीबद्दल. चित्र नाही, नुसता काळा पडदा, आणि आईचा आवाज. तिथे चित्रपट संपेल. आतापर्यंत त्याला शेवट नव्हता, तुला तो सलत होता, आता सापडला. ते वाक्य मी पत्रात लिहिलं नाही ते फार बरं केलं म्हणतोस, तुला ते पहिल्यांदा ऐकायचंय. म्हणजे कॅमेरा लावून झाल्यावर.

हाताने लिहिलंयस, एवढं माझं ऐकलंस.

मी रडले नाही. दुकानात गेले, सात जणांच्या तपासण्या केल्या, संध्याकाळी पाचला निघून मावशीकडे गेले. तिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ‘बोलू नकोस माझ्याशी. फक्त ऐक.’ आणि तिथेच उंबऱ्यात फोन तिच्या कानाला लावला. मीही डोकं जवळ नेलं. वर्षात पहिल्यांदा ऐकलं मी ते.

मावशीला सगळं कळलं. हे बोलणं होतं आणि मी ते पाठवलं नाही, हेही. तोंडाने सांगायचं ठरवलं होतं, ते सांगितलंच. तुझंही सांगितलं, तुझं वाक्य मीच बोलले तुझ्या वतीने. ती फक्त परत लाव म्हणाली. परत लावलं. मग म्हणते, ‘घसा किती बसला होता गं तिचा.’ आणि रडायला लागली, आणि मी तिला धरायला गेले तर मला जोरात ढकललं तिने. पाठ दाराच्या चौकटीवर आपटली माझी. मग थोड्या वेळाने आतून आवाज आला, ‘आत ये. दार लावून घे. काही खाल्लंयस का?’

रागवलेली आहे अजून. पुष्कळ दिवस राहील. पण आत ये म्हणाली.

तिथे तिच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर, मी ते पुसून टाकलं. फोनने विचारलं, कायमचं पुसायचं का. मी हो म्हटलं. मावशीने अडवलं नाही. आता मलाही ते कधी ऐकता येणार नाही, तिचा आवाज तेवढा एकच माझ्याकडे होता. माझ्या बोटाची शिक्षा मी माझ्यापुरती भोगेन. शेवटचं वाक्य आम्हा दोघींना पाठ आहे. ते तुझ्यासाठी होतं, तुझं नाव घेऊन बोललेलं. तुला ते मिळणार नाही.

फॉर्म सोबत आहे. तिन्ही फुल्यांवर सही केली आहे, मुदतीच्या आत पोचेल. माझा आवाज तू खुशाल वापर, तेवीसच्या तेवीस वेळा. मला त्याचं काही राहिलेलं नाही. महोत्सवात लोक विचारतील, शेवटी आईचं काय झालं, तर काय सांगायचं ते तू बघ.

आता तू हे पत्र परत परत वाचशील. हिने खरंच पुसलं की मला छळायला म्हणतेय, ह्यावर विचार करत बसशील, फोन करशील, माझ्या तोंडून एकदा ‘पुसलं’ हा शब्द ऐकायला मिळावा म्हणून. मी उचलणार नाही. कागदावर माझा सूर चढलेला तुला ऐकू येत नाही, दादा. जन्मभर कान लावून बस.

धाकटी